लाल धूळ आणि हवेची गळती

यंदाच्या अंकाचा विषय आहे 'हवा'. शहरात बसून त्यावर लिहायचं तर हवा आधी डोळ्यांसमोर आणावी लागते. गडचिरोली जिल्ह्यात आष्टीहून आलापल्लीकडे आणि तिथून एटापल्लीच्या बाजूला निघालं की ते कष्ट वाचतात. इथली हवा दिसते. पावसाळा सरून रस्ता कोरडा झाला आणि पुढे लोहखनिजाचा टिप्पर असला, की ती लाल-तपकिरी होऊन काचेवर येऊन बसते. सागाची पानं, टपऱ्यांचे पत्रे, मोटारसायकलवाल्याच्या भुवया, सगळ्यांवर एकच रंग चढतो.

माणूस तोंडाला रुमाल बांधतो. गाडीला तशी सोय कारखान्यातूनच मिळालेली असते; कागदी एअर फिल्टरची. फरक एवढाच, की रुमालाची गाठ सैल झाली तर माणसाला लगेच ठसका लागतो. गाडीला लागत नाही. ती महिनोन् महिने धूळ गिळत राहते आणि एक दिवस गॅरेजच्या दारात उभी राहते. तोपर्यंत पिस्टनच्या रिंगा संपलेल्या असतात.

या पट्ट्यातल्या गॅरेजमध्ये येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या. "गाडी ओढून नाही राहिली." "धूर लय मारते जी." "चढावर शिट्टी वाजते." तिन्ही तक्रारींचं मूळ अनेकदा एकच असतं: टर्बो इंजिनाच्या हवेच्या वाटेत कुठेतरी पडलेली फट. ती शोधणं हे फार खर्चाचं काम नाही, पण त्याला क्रम लागतो. क्रम चुकला की दोन-तीनशे रुपयांच्या क्लिपपायी हजारो रुपयांचा टर्बो बदलला जातो आणि तक्रार जागेवरच राहते.

डोंगर, रस्ता आणि फेऱ्या

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगररांगेत उच्च प्रतीचं हेमटाइट आहे. माडिया गोंडांसाठी हा डोंगर ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. या डोंगरावरचा ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा २००७ साली लॉइड्स मेटल्सला मिळाला. प्रत्यक्ष खोदकाम सुरू व्हायला २०१६ उजाडलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात माओवाद्यांनी खाणीवरची सत्तरहून अधिक वाहनं पेटवून दिली. काम थांबत-अडखळत राहिलं. २०२१ पासून मात्र ते जोमाने सुरू झालं आणि २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टन उत्खननाला मंजुरी मिळाली.

१ कोटी टन म्हणजे किती, ते रस्त्यावर उतरून मोजलं की नीट कळतं. वर्षाचे दिवस ३६५ धरले तर दिवसाला २७ हजार टनांहून जास्त. एका फेरीत ३० टन माल धरला तर रोजच्या नऊशेच्या आसपास भरलेल्या फेऱ्या, आणि तितक्याच रिकाम्या परतीच्या. खाण जोरात सुरू झाल्यावर सुरुवातीची वर्षं हा भार आलापल्ली-आष्टीच्या राष्ट्रीय महामार्ग ३५३-सी वर पडला. रस्ता खचला, खड्डे पडले, शेजारच्या पिकांवर धुळीचा थर बसला. गावकऱ्यांनी त्याबद्दल आंदोलनं केली.

पण हा रस्ता एकट्या टिप्परांचा नाही. एसटी, रुग्णवाहिका, शिक्षक-ग्रामसेवकांच्या मोटारी, आठवडी बाजाराला माणसं नेणाऱ्या जीपगाड्या, पोलिसांची वाहनं, सगळे याच धुळीतून जातात. यातल्या डिझेल गाड्या जवळपास सगळ्या टर्बोच्या आहेत. भामरागड-एटापल्लीकडे हमखास दिसणारी बोलेरो घ्या: तिच्या बॉनेटखाली दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो-डिझेल असतं. म्हणजे टिप्परचं दुखणं आणि बोलेरोचं दुखणं एकाच जातीचं.

हवेची वाट

एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १२ किलो हवा लागते. घनफळात मोजलं तर सुमारे १० हजार लिटर. ही किमान गरज. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहून बरीच जास्त हवा ओढतं. भरलेला टिप्पर लिटरमागे अडीच किलोमीटर चालला असं धरलं, तर १०० किलोमीटरच्या फेरीत ४० लिटर डिझेल जळतं आणि किमान ४ लाख लिटर हवा त्याच्या पोटातून जाते. ही सगळी हवा रस्त्यावरची. लाल.

ती आत कशी जाते, ते एकदा बोटाने दाखवत पाहावं. आधी हवेचं तोंड. तिथून एअर क्लीनरचा डबा, त्यात फिल्टर. फिल्टरनंतर अनेक गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर. मग रबरी होज, आणि होजच्या टोकाला टर्बो. टर्बोच्या एका बाजूला सायलेन्सरकडे निघालेले गरम वायू चक्र फिरवतात, त्याच दांड्यावरचं दुसऱ्या बाजूचं चक्र ताजी हवा दाबून पुढे ढकलतं. ही युक्ती जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे मारतो.

दाबलेली हवा तापते. पूर्ण भारावर तिचं तापमान सहज १०० अंशांच्या वर जातं. गरम हवा विरळ असते, म्हणून तिला इंटरकूलरमधून फिरवून थंड करायचं आणि मग इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये सोडायचं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर गेला की इंटरकूलरला थंड करणारी बाहेरची हवाच तापलेली असते. अशा वेळी थोडीशी गळतीही चढावर जाणवू लागते. एरवी खपून जाणारी फट उन्हाळ्यात उघडी पडते ती यामुळे.

या साऱ्या वाटेत टर्बो ही सीमारेषा आहे. टर्बोच्या अलीकडे हवा ओढली जाते. तिथे फट असेल तर बाहेरची हवा आत येते. टर्बोच्या पलीकडे हवा दाबाखाली असते; बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार, कधी त्याहून जास्त. तिथे फट असेल तर आतली हवा बाहेर पळते. सीमेच्या दोन बाजूंच्या गळत्या सर्वस्वी वेगळ्या वागतात, आणि सूरजागडच्या रस्त्यावर हा फरक फार महाग पडतो.

ओरडणारी गळती

आधी पलीकडची, दाबाच्या बाजूची. हिचा स्वभाव बोलका. गाडीवर भार आला, टर्बोने दाब धरला, की फटीतून हवा सुटताना सूं-सूं किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. उभ्या गाडीत, इंजिन मंद चालू असताना दाबच नसतो, म्हणून गॅरेजमध्ये आल्यावर आवाज गायब. "रस्त्यावर येते जी, इथं येत नाही," हे ड्रायव्हरचं म्हणणं खरं असतं. त्याच्यावर अविश्वास दाखवण्यात अर्थ नाही.

दुसरी खूण पिकअपची. इंजिनाला मिळायची तेवढी हवा मिळत नाही, मग भरलेली गाडी गिअर पाडल्याशिवाय चढत नाही. तिसरी खूण काळ्या धुराची. हवा कमी आणि डिझेल तेवढंच, म्हणून अर्धवट जळालेला कोळसा सायलेन्सरमधून बाहेर पडतो. जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांत धूर स्पष्ट दिसतो. संगणकावर चालणाऱ्या गाड्यांपैकी काही हवा कमी पडतेय हे ओळखून डिझेलच कमी करतात. धूर निघत नाही, फक्त ताकद जाते. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो, स्कॅनर लावला तर पी०२९९ हा कोड येतो. त्याचा अर्थ एवढाच, की टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. टर्बो बिघडला असं तो कोड म्हणत नाही. गाडीमालकाला मात्र पुष्कळदा तसंच सांगितलं जातं.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर या खुणेत आणखी एक मेख आली. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. हवेची गळती असलेल्या इंजिनाची काजळी आता तिथे साचते. बाहेर धूर दिसत नाही, आत फिल्टर तुंबत जातो. तो पुन्हा पुन्हा तुंबत असेल, तर त्याच्या सफाईचे पैसे भरण्याआधी बॉनेट उघडून हवेचे पाइप पाहायला हवेत.

फट पडते कुठे? सर्वांत आधी होजच्या टोकांवर, क्लिपखाली. इंजिनातून ब्रीदर पाइपवाटे येणारी तेलाची वाफ रबराला आतून मऊ करते. गाडी हादरते, इंजिन आपल्या माउंटवर डुलतं, इंटरकूलर चासीला घट्ट बसलेला. या दोघांमधली हालचाल झेलतो तो बिचारा रबरी पाइप. लहान गाड्यांत इंटरकूलरच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या कडा मुडपून बसवलेल्या असतात. ती शिवण सुटते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ब्रॅकेट तुटला, की पाइप शेजारच्या लोखंडावर घासून पातळ होतो आणि नेमका खालच्या, न दिसणाऱ्या बाजूने फाटतो. पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणारे उंदीरही आपला वाटा उचलतात.

या गळतीने गाडी लगेच मरत नाही. पण दाब भरून काढण्यासाठी टर्बो नेहमीपेक्षा वेगाने फिरत राहतो, जास्त तापतो, आणि अखेरीस त्याचं बेअरिंग जातं. मग टर्बो बदलला जातो. फाटका पाइप तसाच असतो. नवा टर्बोही त्याच वाटेने जातो.

न बोलणारी गळती

अलीकडची, ओढीच्या बाजूची गळती याहून वाईट. फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या होजला बारीक चीर गेली, क्लिप सैल राहिली, फिल्टरच्या डब्याचं झाकण नीट बसलं नाही, तर तिथून न गाळलेली हवा थेट टर्बोत जाते. शिट्टी नाही, काळा धूर नाही, पिकअपही ठीक. पुणे-मुंबईच्या डांबरी रस्त्यावर अशी गाडी बराच काळ निभावून नेते. सूरजागडच्या रस्त्यावर नाही.

कारण इथली धूळ साधी माती नाही. हेमटाइटचा कठीणपणा मोहस मापावर साडेपाच ते साडेसहा असतो. त्याच्या जोडीला येणारं क्वार्ट्झ सातवर. पिस्टनचं ॲल्युमिनियम तीनच्याही खाली. शिवाय हेमटाइट जड, पाण्याच्या पाचपट घनतेचं. असा कण लाखाच्या फेऱ्यांनी फिरणाऱ्या टर्बोच्या पातळ पात्यांवर आदळतो तेव्हा पात्यांच्या कडा झिजून सुरीसारख्या होतात. पुढे तोच कण सिलिंडरच्या भिंतीवर चरे पाडतो, रिंगा झिजवतो. इंजिन तेल पिऊ लागतं, ब्रीदरमधून वाफा येतात, सकाळी सुरू व्हायला कुरकुरतं. तोवर दुरुस्तीची वेळ टळलेली असते. बोरिंग काढावी लागते.

या गळतीची एक खूण फसवी आहे. फिल्टर जास्त दिवस टिकतो! हवेचा काही भाग चिरेतून आत येत असल्याने फिल्टरवरचा ताण कमी होतो. मोठ्या गाड्यांच्या एअर क्लीनरवर फिल्टर तुंबला की लाल होणारा इंडिकेटर असतो. तो हिरवाच राहतो. मालकाला वाटतं, चांगल्या कंपनीचा फिल्टर लागला. जिथे इतर गाड्यांचे फिल्टर भराभर भरतात, तिथे एकाच गाडीचा फिल्टर स्वच्छ निघत असेल तर खूश होण्याऐवजी टॉर्च हातात घ्यावी.

टॉर्चने पाहायचं ते फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे स्वच्छ समजल्या जाणाऱ्या बाजूला. होज सोडवून तिच्या आतून पांढरं फडकं फिरवायचं. तेलकट काळपट डाग आला तर तो ब्रीदरचा, चालतो. लालसर पूड आली तर वाट फुटलेली आहे. बऱ्याचदा होजच्या आत धुळीची बारीक रेघ उमटलेली असते, आणि ती जिथून सुरू होते तिथेच चीर सापडते. मोठ्या ताफ्यांचे मालक इंजिन तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम सोबतीने वाढलेलं दिसलं, की आत धूळ जातेय हे तेलच सांगतं.

आधी डोळे, मग हात

जाणता मिस्त्री पाना उचलण्याआधी पाहतो. दाबाच्या बाजूची गळती शोधण्यात या भागातली धूळ चक्क मदतीला येते. फटीतून हवेबरोबर तेलाची वाफ बाहेर येते, तिच्यावर लाल धूळ चिकटते आणि पाइपवर ओलसर लाल-काळा पट्टा तयार होतो. धुतलेल्या गाडीत हा पुरावा नाहीसा होतो. म्हणून पिकअपची तक्रार असेल तर गॅरेजला नेण्याआधी इंजिन धुऊन नेऊ नये.

नंतर हात. प्रत्येक क्लिपजवळ होज पिळून पाहायची. टणक, चरे पडलेली, किंवा उलट फार लिबलिबीत झालेली होज संशयित. काही होज बाहेरून चांगल्या दिसतात, पण आतलं अस्तर सुटलेलं असतं. ओढ बसली की ते आत घडी घालून वाटच अडवतं. क्लिप गोल फिरते का, तिची कडा होजमध्ये रुतली आहे का, हेही बोटांनाच कळतं. एअर क्लीनरच्या तळाला धूळ बाहेर टाकणारं रबरी तोंड असतं. ते फाटलं की धूळ बाहेर पडायची थांबते आणि सगळा भार फिल्टरवर येतो. दिसायला क्षुल्लक, पण या रस्त्यावर नवा फिल्टर काही दिवसांत भरून टाकायला तेवढं पुरे.

मग कान. एकाने गाडीत बसून रेस द्यायची, दुसऱ्याने बॉनेटजवळ ऐकायचं. यातून मोठी फट सापडते, लहान फट नाही. कारण उभ्या गाडीवर भार नसतो आणि भाराशिवाय टर्बो पुरता दाब धरत नाही. इथवर येऊन काही सापडलं नाही, की अनेक ठिकाणी अंदाजाने सुटे भाग बदलायला सुरुवात होते. खरं तर चाचणीची वेळ आता येते.

झाकण, वॉल्व्ह आणि साबणाचं पाणी

इंजिन बंद ठेवून, बाहेरून हवा भरून सगळी वाट फुगवायची, ही ती चाचणी. साधनं बाजारात मिळतात, पण गॅरेजमध्ये ती घरच्या घरी बनतात. हार्डवेअरच्या दुकानातली पीव्हीसी पाइपची एंड कॅप, टर्बोच्या तोंडाच्या मापाची. तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवायचा. फिल्टरकडून येणारी होज टर्बोपासून सोडवायची, तिथे ही कॅप क्लिपने आवळायची आणि वॉल्व्हमधून हवा भरायची.

इथे जिवाशी गाठ आहे. टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरमध्ये १०० पीएसआयहून जास्त दाब असतो. तो थेट सोडला तर पाइप उडतात, सेन्सर फुटतात, कॅप गोळीसारखी सुटून माणसाला लागते. मध्ये रेग्युलेटर हवाच. सुरुवात ५ पीएसआयपासून, मग हळूहळू वाढवत गाडीच्या नेहमीच्या दाबापर्यंत. लहान मोटारीला १५ च्या आसपास पुरतं. कॅप दोरीने किंवा साखळीने बांधून ठेवायची आणि तिच्यासमोर कोणी उभं राहायचं नाही. तेल भरायचं झाकण सैल ठेवायचं, म्हणजे टर्बोच्या किंवा ब्रीदरच्या वाटेने इंजिनाच्या पोटात गेलेला दाब निघून जाईल.

दाब भरला की साबणाचं पाणी. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांड्यांचा साबण. प्रत्येक जोडावर, इंटरकूलरच्या शिवणीवर, दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या बुडाशी, मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर मारत जायचं. बुडबुडे आले तिथे खडूने खूण करायची. पहिली फट सापडली म्हणून थांबायचं नाही. एवढ्या हादऱ्यांत चाललेल्या गाडीला ती क्वचित एकटी असते.

थोडी हवा सिलिंडरमधून जाणारच. कुठल्या तरी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतो आणि सायलेन्सरमधून किंवा तेलाच्या झाकणातून फुसफुस ऐकू येते. ही गळती नव्हे. क्रँक थोडा फिरवून पुन्हा ऐकलं की फरक कळतो. तरीही गोंधळ होत असेल तर वाटेचे तुकडे पाडायचे: टर्बो ते इंटरकूलर वेगळं, एकटा इंटरकूलर वेगळा, इंटरकूलर ते मॅनिफोल्ड वेगळं. ज्या तुकड्याचा काटा उतरतो, दोष त्यात. मोठ्या ट्रकच्या इंटरकूलरसाठी बऱ्याच इंजिन कंपन्या ढोबळ कसोटी देतात: ३० पीएसआय भरून हवा बंद करायची, १५ सेकंदांत ५ पीएसआयपेक्षा जास्त उतरली तर इंटरकूलर बाद. म्हणजे नखभर गळती कारखान्यालाही मान्य आहे. आपल्याला शोधायची ती त्यापुढची.

हीच कॅप फिल्टरच्या डब्याच्या बाहेर पडणाऱ्या तोंडाशी लावली, तर टर्बोच्या अलीकडची होजही तपासली जाते. सूरजागडच्या रस्त्यावरच्या गाडीसाठी ही दुसरी चाचणी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि सर्रास वगळली जाते ती हीच. काही ठिकाणी धुराचं यंत्र वापरतात. कमी दाबाने वाटेत पांढरा धूर भरला की तो चिरेतून वर येताना डोळ्यांनी दिसतो. बारीक, वळणाआडच्या फटींसाठी ते उत्तम. पण काही चिरा दाब चढल्यावरच उघडतात. त्या धुराला दाद देत नाहीत, साबणाच्या पाण्याला देतात.

पेट्रोल टर्बोचं गणित

गडचिरोली-चंद्रपूरच्या शहरी भागात आता टर्बो-पेट्रोल मोटारीही आल्या आहेत. नेक्सॉनसारख्या गाड्यांनी तो प्रकार सर्वसामान्यांपर्यंत आणला. यांच्यात गळती दोन तोंडांनी बोलते. इंजिन मंद चालू असताना थ्रॉटलच्या पुढे ओढ असते, म्हणून तिथली फट बाहेरची हवा आत घेते. इंजिन थरथरतं, मिश्रण पातळ झाल्याचा पी०१७१ कोड येऊ शकतो. ॲक्सिलरेटर दाबला की तिथेच दाब येतो आणि तीच फट हवा बाहेर टाकते. एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत मोजून घेतलेली हवा वाटेत पळाल्याने आता मिश्रण उलट घट्ट होतं. एकाच गाडीत सकाळी एक लक्षण आणि महामार्गावर त्याच्या उलट लक्षण दिसलं, की सेन्सरवर खापर फोडलं जातं. सेन्सर खरं सांगत असतो.

पेट्रोल गाडीत फट शोधायला चालू इंजिनावर कार्ब क्लीनरचा फवारा मारायची जुनी सवय आहे. तो द्रव ज्वालाग्राही, शेजारी लालबुंद टर्बो. ही रीत टर्बो गाडीवर नको.

होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक प्रेमापोटी होते. धुळीचा रस्ता म्हणून फिल्टर रोज काढून कॉम्प्रेसरने फुंकायचा. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, आणि दर वेळी काढ-घाल करताना कडेची रबरी पट्टी दबते. फिल्टर इंडिकेटर सांगेल तेव्हा किंवा पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदलावा. मोठ्या गाड्यांत आतला छोटा सुरक्षा फिल्टर असतो. तो साफ करायचा नसतो, बदलायचाच असतो.

दुसरी चूक क्लिपची. सुटली म्हणून जीव खाऊन आवळली की होज कापली जाते आणि पुढच्या फेरीत तिथेच फाटते. दाबाच्या बाजूला रुंद पट्टीची, शक्य तिथे स्प्रिंगची क्लिप हवी. गरम-थंड होताना रबर फुगतं-आकसतं ते तिला झेपतं. होज चढवण्याआधी तिचं टोक आणि धातूचं तोंड तेलविरहित पुसून घेणं, हे फुकटचं काम निम्म्या सुटणाऱ्या होज वाचवतं. तिसरी चूक एमसील, सायकलची ट्यूब आणि तार. आलापल्लीच्या पुढे जंगलात गाडी अडली तर हा इलाज गाडी बाहेर काढतो, त्याबद्दल वाद नाही. दाबाच्या बाजूला तो गॅरेजपर्यंत पुरतो. ओढीच्या बाजूला मात्र लावलेली पट्टी दिसायला घट्ट आणि आतून सुटलेली असते, आणि ती तशीच वर्षभर राहते.

नळीतून जाणारं खनिज

जुलै २०२५ मध्ये खाणीजवळच्या हेडरी ते चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंतच्या ८५ किलोमीटर लांबीच्या स्लरी पाइपलाइनचं उद्घाटन झालं. खनिज दळून, पाण्यात कालवून नळीतून कोनसरीच्या पेलेट प्रकल्पाकडे न्यायचं, अशी ही योजना. जेवढा माल नळीतून जाईल तेवढ्या टिप्परच्या फेऱ्या वाचतील आणि तेवढी धूळ कमी उडेल. पण डोंगरावरची यंत्रं, उभे राहणारे कारखाने, त्यांची बांधकामं आणि त्यासाठीची वाहतूक राहणारच. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसच्या आसपास कोळशाच्या खुल्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. तिथल्या गाड्यांच्या होजमधून लालऐवजी काळी पूड निघते, एवढाच फरक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तेव्हा चंद्रपूर त्यात होतंच.

दिवाळीनंतर इथले रस्ते पुरते कोरडे होतात आणि धुळीचा हंगाम जूनपर्यंत चालतो. या भागात गाडी चालवणाऱ्यांनी तो सुरू होण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. फिल्टर बदलताना समोर उभं राहून टर्बोकडे जाणारी होज आतून पांढऱ्या फडक्याने पुसून घ्यावी. लाल पूड आली तर होज आणि क्लिप बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. आणि कुणी 'टर्बो गेला' म्हणालं, तर पैसे मोजण्याआधी एवढंच विचारावं: हवा भरून, साबणाचं पाणी मारून पाहिलं का? पाहिलं नसेल तर आधी ते करायला लावावं. अर्ध्या तासाचं काम आहे.